पाण्यात उतरायला वय कशाला हवे?

जुन्या शहरात लग्न होऊन आलेल्या बाईला मोर्णा रोज दिसते, पण तिच्या पाण्याशी ओळख म्हणून होत नाही. भाजीला जाता-येता पुलावरून पाहायची, विसर्जनाला लांबून हात जोडायचे, की झाले. पुरुषांचे तसे नाही. साठी उलटलेल्या कुणाही गृहस्थाला विचारा; पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून आपल्याला विहिरीत कसे ढकलले, हे तो मोठ्या अभिमानाने सांगेल. त्याची बहीण तेव्हा विहिरीच्या काठावर भावाचे कपडे सांभाळत बसलेली होती, हे मात्र सांगायचे राहून जाते!

आता त्या विहिरी बुजल्या. मोर्णेत जलकुंभी माजली. २०१८ च्या जानेवारीत हजारो अकोलेकर ती उपसायला काठावर जमले होते. नदीत पोहायचे दिवस गेलेच. राहिला तो पोहण्याचा तलाव. तिथे बायकांची वेगळी वेळ मिळालीच, तरी शिकवणारे बहुधा शाळकरी मुलांच्या स्पर्धांत गुंतलेले असतात. चाळिशीच्या बाईकडे कोण लक्ष देणार? मग आपले आपणच शिकायचे. आणि हे जमते बरं का!

एक माणूस आठवा. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग निकामी झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. ‘चंदू चॅम्पियन’ हा २०२४ चा सिनेमा त्यांच्यावरचाच. आपल्याला पदक नको आहे. पण पाय चालत नसताना एक जवान केवळ हातांच्या बळावर तरून जातो, तर “माझे पायच बुडतात हो” ही आपली तक्रार जरा तपासून पाहायला हवी.

पाय का बुडतात? डोके वर काढतो म्हणून! नाकातोंडात पाणी जाईल या भीतीने आपण मान उंच धरतो. डोके वर गेले की कंबर खाली जाते आणि पाय तिच्या मागोमाग. म्हणून पहिले आठ दिवस पोहायचेच नाही. छातीएवढ्या पाण्यात कठडा धरून उभे राहायचे, तोंडाने श्वास घ्यायचा, तोंड पाण्यात घालायचे आणि नाकातोंडाने बुडबुडे सोडत सावकाश सगळा श्वास बाहेर टाकायचा. वीस वेळा. नवशिकी बाई पाण्यात श्वास कोंडून धरते आणि वर आल्यावर एकाच क्षणात सोडायचाही नि घ्यायचाही, अशी तिची धांदल उडते. दम लागतो तो त्यामुळे. वयाला उगीच बोल लावू नये.

मग पालथे तरंगणे, आणि भिंतीला पाय रेटून बाणासारखे सरकणे. त्यानंतर हात. श्वास घेताना डोके उचलायचे नाही, अंगाबरोबर कुशीला वळवायचे, एक डोळा पाण्यातच राहील इतकेच. एवढ्याला महिना लागला तरी लागू द्या. कुणी आपल्याला शर्यतीत उतरवलेले नाही.

एक रुंदी सलग जमली की खरा सराव सुरू. आठवड्यात तीन दिवस, चाळीस मिनिटे पुरेत. पंचवीस मीटरचा तलाव असेल तर एक फेरी मारायची, तीस सेकंद थांबायचे, पुन्हा एक, अशा आठ. भिंतीवर घड्याळ असतेच. पंधरा दिवसांनी आठाच्या दहा करा, किंवा थांबणे वीस सेकंदांवर आणा. दोन्ही एकदम नको. एका फेरीला किती हात मारले ते मोजत जा. पंचविसाचे बावीस झाले, तर समजा पोहणे सुधारते आहे. हे सगळे दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. गुरू नाही ना, मग वहीच गुरू! खांदा दुखू लागला तर मात्र वही बाजूला ठेवून चार दिवस विश्रांती.

आता जरा कडक शब्दांत. शिकवणारा नसला तरी चालेल. जीवरक्षक नसेल तर पाण्यात पाऊल टाकू नका. शेजारणीला बरोबर घ्या. तिला पोहायचे नसेल तर काठावर बसू दे. जोरजोराने श्वास घेऊन पाण्याखाली दम धरण्याच्या पैजा लावू नका, त्यात चांगले पोहणारेही बेशुद्ध पडून बुडतात. आणि पोहता येऊ लागले म्हणून पुराच्या पूर्णेत उतरू नये. सहलीला धरणावर गेलात नि कुणी बुडताना दिसले, तर आधी ओरडून माणसे जमवा आणि ओढणी, दोर, साडीचे टोक, जे हाती लागेल ते काठावरून फेका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच मिठी मारून खाली नेतो.

राहता राहिले घर. “काऊन वं माय, आता या वयात पान्यात कायले जातं?” हा प्रश्न येणारच. वाद घालू नका. तलावाची फी महिन्याच्या हिशेबात आधीच मांडा आणि डबे कोण भरणार ते आदल्या रात्री ठरवून टाका, म्हणजे निम्मी कुरबुर संपते. नातवंडाला बरोबर घेऊन गेलात तर सासूबाईच चौकशी करू लागतात, असा माझा अनुभव आहे.

कपड्यांचे म्हणाल, तर सुती सलवार भिजून जड होते आणि पायांत गुंडाळते. अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख मिळतो, तो घ्या. केस आधी साध्या पाण्याने भिजवून टोपीत घाला, म्हणजे क्लोरीनचे पाणी ते कमी शोषतात. डोक्याला तेल चोपडून मात्र तलावात उतरू नका, पाणी सगळ्यांचे असते. पोट भरून जायचे नाही, पण अगदी उपाशीही नको. एखादे केळे पुरते. आपल्याकडच्या मे महिन्यात सकाळची पहिलीच वेळ गाठा, नंतर गर्दी नि ऊन दोन्ही सोसवत नाही. कानात पाणी गेले तर मान त्या बाजूला कलती करून एका पायावर उड्या मारा. केसांची पिन कानात घालायची नाही, आईने घातली असली तरी!