घाईतला वाटसरू आणि ‘चांगला शोमरोनी’

अपघातग्रस्ताला रुग्णालयात पोहोचवणाऱ्या अनोळखी माणसाला भारतीय कायदा ‘गुड समॅरिटन’ म्हणतो. हे नाव थेट बायबलमधून आले आहे. मराठी बायबलमधला हाच ‘चांगला शोमरोनी’.

लूककृत शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातील ही कथा. आपला शेजारी नेमका कोणाला म्हणावे, असे एका शास्त्र्याने येशूला विचारले. उत्तरादाखल येशूने यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या निर्जन वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या प्रवाशाची गोष्ट सांगितली. याजक आला, लेवी आला. दोघेही पलीकडच्या बाजूने निघून गेले. थांबला तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी ज्यांच्याशी व्यवहारही टाळावा अशा समाजातला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि मालकाच्या हाती दोन दीनार ठेवले. त्या तिघांपैकी शेजारी कोण ठरला, हे सांगताना शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्दही निघाला नाही. ज्याने दया केली तो, एवढेच तो म्हणाला.

याजक का थांबला नाही? प्रेताला शिवून विटाळ होईल या भीतीने, असे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. पण कथेत तोही यरुशलेमकडून खाली उतरत होता. मंदिरातली सेवा बहुधा आटोपलेली होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी हत्येच्या आदल्या दिवशी, 3 एप्रिल 1968 रोजी केलेल्या भाषणात वेगळी शक्यता मांडली. लुटारू अजून जवळच असतील, या धास्तीने ते दोघे थांबले नसावेत.

आधुनिक काळाने या भीतीत घाईची भर घातली. अमेरिकेतील डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टन येथील ईश्वरविज्ञानाच्या 40 विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना भाषणासाठी शेजारच्या इमारतीत पाठवले गेले. वाटेत एक माणूस दारापाशी खोकत, कण्हत पडलेला होता. ज्यांच्याकडे पुरेसा वेळ होता, त्यांच्यापैकी 63 टक्क्यांनी मदत केली. ‘उशीर झाला आहे’ असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी अवघ्या 10 टक्क्यांनी. निम्म्या विद्यार्थ्यांना भाषण द्यायचे होते ते याच दृष्टांतावर! त्याने फारसा फरक पडला नाही. धर्मशिक्षणाच्या जिव्हारी लागावा असा हा निष्कर्ष आहे. पोप फ्रान्सिस यांनीही 2020 च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकाचे दुसरे प्रकरण याच कथेला वाहिले.

घाईवर कायद्याजवळ इलाज नाही, भीतीवर आहे. पोलीस, साक्ष आणि कोर्टाच्या खेपा यांचा धसका ओळखून सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मदतनिसांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आले. सद्भावनेने मदत करताना काही चूक घडली, तरी मदतनिसावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव, पत्ता सांगण्याची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचे की नाही, हेही त्याच्याच मर्जीवर.

शोमरोन्याने दोन दीनार पदरचे मोजले होते. आज जखमीला दाखल करण्यासाठी रुग्णालय त्याला आणणाऱ्या अनोळखी माणसाकडे पैसे मागू शकत नाही, आणि मदतनिसाचे हक्क सांगणारा फलक प्रवेशद्वारापाशी स्थानिक भाषेतही लावणे रुग्णालयांना बंधनकारक आहे.