फुटांआधी सेकंद विचारा

कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचवर साडेपाचशे मीटरहून लांब काँक्रीटचा धक्का समुद्रात गेला आहे. तिथे जगभरचे सर्फर येतात. लाट किती फुटांची, हे कुणीही विचारतो. सर्फरला त्याआधी सेकंद हवे असतात: एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते?

जवळच्या वाऱ्याने उठलेली लाट सात-आठ सेकंदांची, अंगात जोर नसलेली. सोळा-अठरा सेकंदांची लाट मात्र फार लांबून आलेली असते. उन्हाळ्यात इथे येणाऱ्या अशा लाटा बहुधा न्यूझीलंडकडच्या हिवाळी वादळांत जन्मतात. अठरा सेकंदांच्या लाटांचा ताफा खोल समुद्रात ताशी सुमारे 50 किलोमीटरने सरकतो, म्हणजे 10 हजार किलोमीटरला आठ-नऊ दिवस. 1963 मध्ये समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत उपकरणे मांडून अशा लाटांचा माग काढला. इतक्या प्रवासात त्यांची ऊर्जा किती थोडी खर्च होते, हे तेव्हा दिसले. मला ही विसाव्या शतकातली फार देखणी मोजणी वाटते.

खोल पाण्यात दोन्ही लाटा मीटरभरच उंच असल्या, तरी सोळा सेकंदांची लाट किनाऱ्याशी फुटताना आठ सेकंदांच्या लाटेपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त उंच होते. पण लाट कशी फुटेल हे तळ ठरवतो, आणि हंटिंग्टनला खडक नाही, तळाशी नुसती वाळू आहे. लाट आपल्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीवर फुटते. तळ सगळीकडे सारखाच उथळ असेल, तर लांब पल्ल्याची लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदमच कोसळते आणि सर्फरला सरकायला जागाच उरत नाही. वाळूचे दांडे तुटक असले, की ती एका जागी फुटायला लागून बाजूला उलगडत जाते. धक्क्याच्या खांबांभोवती प्रवाह अडखळतो, वाळू कुठे साचते, कुठे खरवडली जाते. म्हणून मागच्या आठवड्यातली उत्तम जागा या आठवड्यात सपाट होऊ शकते, लाटा त्याच असल्या तरी.

वेळ सकाळची बरी. तेव्हा जमिनीवरून येणारा मंद मतलई वारा लाटेचा उभा चेहरा सावरून धरतो. दुपारी खारे वारे सुटले, की पाणी खवळून तोच चेहरा विस्कटतो.

खांबांलगत समुद्राकडे ओढणारा प्रवाहही असतो. सराईत सर्फर त्याच्यावर स्वार होऊन आत जातात, पण नवख्या पोहणाऱ्याने धक्क्यापासून लांबच राहावे.