तीन तासाला एक परभणी

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजा निजामाच्या हैदराबाद राज्यात शिरल्या आणि १७ तारखेच्या संध्याकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली. मधले तास धरा १०८. राज्याचं क्षेत्रफळ सुमारे २ लाख १४ हजार चौरस किलोमीटर. भागाकार केला की तासाला जवळजवळ दोन हजार चौरस किलोमीटर येतात. आजचा परभणी जिल्हा सव्वासहा हजारांच्या आसपास. म्हणजे दर तीन तासांनी एक परभणी जिल्हा निजामाच्या हातून निसटत होता. हा अर्थात कागदावरचा हिशेब. भर भाद्रपदात, परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावाच्या काळ्या चिखलातून रणगाडे असे सरासरीने धावत नसतात.

१७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो आणि गोष्ट तिथेच संपवतो. मला मात्र १८ तारखेपासूनचे आकडे जास्त चक्रावतात. १ कोटी ६३ लाख माणसं (ही १९४१ ची शिरगणती), १६ जिल्हे, सुमारे २२ हजार गावं. एवढा पसारा मेजर जनरल जयंतो नाथ चौधुरी या चाळीस वर्षांच्या अधिकाऱ्याच्या हाती आला. हुद्दा लष्करी गव्हर्नर. मदतीला डी. एस. बखले आणि डी. आर. प्रधान यांच्यासारखे मुलकी अधिकारी. गंमत अशी, की निजाम गादीवर तसाच होता. १९ सप्टेंबरला त्यानेच फर्मान काढून कारभाराचे सगळे अधिकार चौधुरींना दिले. हरलेल्याने जिंकलेल्याला सनद दिली आणि तिच्यावर पुढचे पंधरा महिने राज्य चाललं.

चाललं कसं, तर धडाधड कायदे काढून. जहागिरी रद्द करणारा हुकूम १५ ऑगस्ट १९४९ ला अमलात आला. त्याचा क्रमांक १३५८ फसलीतला, म्हणजे निजामी महसुली सालातला, ६९ वा. फसली साल सुरू झालं होतं ऑक्टोबर १९४८ मध्ये. म्हणजे साडेचार-पाच दिवसाला एक कायदा. विधिमंडळ नाही, चर्चा नाही, सभात्याग नाही. हा वेग पाहून कुणाला हेवा वाटत असेल तर वाटो, मला धास्ती वाटते.

पण त्या एका ६९ व्या कायद्याने काय हललं ते बघा. राज्याची साधारण साठ टक्के जमीन दिवाणी, म्हणजे सरकारी वसुलीची. तीस टक्के जहागीरदारांकडे. उरलेली दहा टक्के सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची जातीची. आजच्या मापाने जहागिरी दहा परभणी जिल्ह्यांएवढ्या भरतात आणि एकट्या निजामाची खासगी जमीन तीन जिल्ह्यांहून जास्त. सर्फ-ए-खास फेब्रुवारी १९४९ मध्ये दिवाणीत गेली, जहागिरी ऑगस्टमध्ये. सात महिन्यांच्या आत चाळीस टक्के मुलखाचा सारा घेणारा हात बदलला.

नाणं तेवढं लगेच बदललं नाही. वऱ्हाडात माल विकून कलदार रुपये घेऊन आलेल्याला इकडे निजामाचा हाली सिक्का लागे. सहा कलदारला सात हाली हा भाव. पण शंभराचा हिशेब करायचा तर ११६ रुपये १० आणे ८ पै. पै सुटत नव्हती. पुढे निजामाशी ठरलं तेही असंच चोख : वर्षाला ५० लाख तनखा, २५ लाख सर्फ-ए-खासच्या बदल्यात, २५ लाख राजवाड्यांच्या देखभालीला. एकूण एक कोटी. दिवसाला सत्तावीस हजार रुपयांच्या वर.

फौजेच्या बळाने घेतलेल्या मुलखाचा कारभार म्हटला की युरोपातला एक नमुना आठवतो. ऑक्टोबर १९३९ मध्ये जर्मनांनी पोलंडचा मधला भाग तोडून तिथे हान्स फ्रांकला गव्हर्नर जनरल नेमलं. तो क्राकूवच्या जुन्या राजवाड्यात जाऊन बसला. १९४१ मध्ये गॅलिशिया जोडल्यावर तो मुलूख सुमारे १ लाख ४२ हजार चौरस किलोमीटरचा झाला. म्हणजे हैदराबादहून लहानच, पण माणसं जवळपास तेवढीच. तिथे १९४१ मध्ये वॉर्सात पोलिश माणसाला दिवसाला ६६९ कॅलरींचं रेशन ठरवलं होतं आणि ज्यूंना १८४. मार्च १९४२ ते नोव्हेंबर १९४३ या वीस-एकवीस महिन्यांत बेल्झेक, सोबिबोर आणि ट्रेब्लिंका या तीन छावण्यांत सुमारे १७ लाख ज्यू मारले गेले. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती.

चौधुरींच्या कारभाराला त्या पंगतीला बसवणं हा शुद्ध अन्याय होईल. तिथे माणसं संपवणं हेच धोरण होतं. इथे १९५२ मध्ये लोकांनी मतदान करून सरकार निवडलं. पण तिथला आकडा राक्षसी होता म्हणून इथला माफ होत नाही.

लष्कराच्या नोंदीत निजामी फौजेचे ८०७ आणि रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचे, १,३७३ मृत आहेत. शेवटच्या माणसापर्यंत मोजलेले. त्यानंतर गावागावांत सूड उगवला गेला. आधी रझाकारांनी गावं जाळली, लुटली, माणसं मारली, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. सूड मात्र बहुतेक ठिकाणी रझाकारांवर नव्हे, हाताशी सापडलेल्या मुसलमान शेजाऱ्यावर निघाला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये १६ पैकी ९ जिल्हे पाहिले आणि मृतांचा अंदाज दिला : कमीत कमी २७ हजार ते ४० हजार. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतच १८ हजार. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या तेव्हाच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो वाचायला मिळू लागला २०१३ मध्ये.

सत्तावीस आणि चाळीस यांतला फरक १३ हजारांचा. त्या वेळी राज्यात गावामागे सरासरी साडेसातशे माणसं पडत. म्हणजे सतरा-अठरा गावांची वस्ती मेली की जगली, हेच कागदावर ठरलं नाही. ज्या राजवटीला रुपयाची आठवी पै सापडत होती, तिला हे सापडलं नाही असं मी मानत नाही. तिने शोधलं नाही.

हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की आपल्या गावातल्या अशा एखाद्या आजोबा-आजींपाशी बसा आणि कोण गेलं, कुणाच्या हातून गेलं, ते नावानिशी लिहून घ्या. रझाकारीतले लिहा आणि नंतरचेही लिहा.