माइक बंद, वही उघडी

२०२० ची दिवाळी जवळ आली होती. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा कॉस्टिंगचा ऑनलाइन तास. पडद्यावर ६२ नावं, चेहरा एकही नाही. "समजलं का?" विचारलं की चॅटमध्ये "यस सर"ची रांग लागायची. चाचणी घेतली, तेव्हा त्या "यस सर"ची किंमत कळली.

एकीला आग्रहानं माइक सुरू करायला लावला. आधी खडखडाट आला, मग तिचा आवाज. "सर, भिंतीपलीकडं माग चालू आहेत." सोलापूरच्या पूर्व भागातलं एका खोलीचं घर. शेजारी आई विड्या वळत बसलेली, आणि धाकटा भाऊ त्याच मोबाइलसाठी ताटकळलेला. ही मुलगी गप्प होती, पण बेफिकीर नव्हती. मी मात्र तसंच समजत आलो होतो.

पुस्तकातला पंख्यांचा कारखाना मी त्या दिवशी बाजूला ठेवला. म्हटलं, मागावरच्या एका टॉवेलला काय खर्च येतो, वहीत मांडा आणि फोटो पाठवा. एका वहीत सूत, रंगणावळ, वीज, मजुरी असं ओळीनं लिहिलेलं, आणि खाली पेन्सिलनं बारीक अक्षरात : "कांड्या आई भरते. तिची मजुरी कुठं धरायची?" प्रत्यक्ष न दिलेल्या, पण हिशोबात धरायच्या अशा मजुरीला पुस्तक मानीव खर्च म्हणतं. नाव न सांगता मी तो प्रश्न वर्गापुढं ठेवला. त्या दिवशी तास संपला तरी चॅट थांबेना.

असं विचार करायला लावणं व्हिडिओतही जमतं. आयआयटी मुंबईच्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी जी पद्धत मांडली, तिच्यात व्हिडिओ छोटा असतो आणि मध्येच थांबून विद्यार्थ्याला विचार करायला लावतो. आमच्या सोलापुरातल्या वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्राध्यापकांच्या यूट्यूबवरच्या व्हिडिओंतही अशा थांबण्याच्या जागा दिसतात. थांबणं शिक्षकालाच जड जातं. प्रश्न विचारून दहाव्या सेकंदाला मीच उत्तर देऊन मोकळा होत असे. आता घड्याळ समोर ठेवून दोन मिनिटं गप्प बसतो. पहिलं उत्तर बहुधा मिनिट उलटल्यावरच येतं.

यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' या ऑनलाइन मंचावरून करता येतात. म्हणजे हा पडदा आता कायमचाच. शिक्षकमित्रांनो, कॅमेरा बंद दिसला म्हणून गैरहजेरी लावू नका. आधी वहीचा फोटो मागवा.