संगणकाच्या पंख्याचा आवाज

वर्गातील संगणकाचा पंखा घरघरू लागला, म्हणजे मागील ओळीतील मुलांना शिक्षकांचे शब्द नीट ऐकू येत नाहीत. अशा वेळी पेटीवर कापड टाकणे अथवा पंख्याची तार काढणे हा उपाय नव्हे. त्याने आतील भाग तापून निकामी होण्याचा संभव असतो. बहुतेक संगणकांत उष्णता वाढेल तसा पंख्याचा वेग वाढतो. म्हणून आवाज कमी करावयाचा, तर प्रथम उष्णता कमी केली पाहिजे. पंख्याचा वेग निम्म्यावर आला, तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो.

खडूची व रस्त्याची धूळ पंख्याखालील धातूच्या पातळ पट्ट्यांत साचली, की हवेची वाट अडते. याकरिता संगणक बंद करून विजेची जोडणी काढावी, पेटी वर्गाबाहेर न्यावी व मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा. वीजपुरवठ्याचा बंद डबा मात्र कदापि उघडू नये. जोडणी काढल्यावरही त्यात विद्युत्भार शिल्लक राहू शकतो. पेटी भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. इतके करूनही खरखर राहिली, तर बेअरिंग झिजले असावे. मग जाणकाराकडून त्याच मापाचा नवा पंखा बसवून घेणे इष्ट होय.