वर्गातला मोबाइल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फ्रान्सने २०१८मध्ये, नेदरलँड्सने २०२४मध्ये, ब्राझीलने २०२५मध्ये शाळेतल्या मोबाइलला लगाम घातला. आपल्याकडे पालकसभेत हा विषय निघाला की दोन तट पडतात, आणि ऐकीव गोष्टींची सरमिसळ दोन्ही बाजूंना असते.

गैरसमज : जो मोबाइल बघतो, त्याचंच नुकसान होतं.
वस्तुस्थिती : शेजारच्या बाकावरच्यालाही झळ बसते. पंधरा वर्षांच्या मुलांच्या ‘पिसा २०२२’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेतल्या सरासरी ५९ टक्के मुलांनी सांगितले, की गणिताच्या निदान काही तासांना इतरांच्या उपकरणांमुळे आपले लक्ष उडते. अशी मुले गणितात सरासरी १५ गुणांनी मागे होती. म्हणून ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ म्हणून हे सोडून देता येत नाही.

गैरसमज : बंदी आली की सगळ्यांचे गुण वाढतात.
वस्तुस्थिती : लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या २०१५च्या अभ्यासात इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळा पाहिल्या गेल्या. बंदीनंतर गुण सुधारले, पण ते प्रामुख्याने अभ्यासात मागे असलेल्यांचे. हुशार मुलांच्या गुणांत फरक दिसला नाही. स्वीडनमध्ये त्याच धर्तीवर झालेल्या अभ्यासात तर काहीच परिणाम आढळला नाही.

गैरसमज : शाळेत मोबाइल नसला की मुलांचा ताण आपोआप कमी होतो.
वस्तुस्थिती : बर्मिंगहॅम विद्यापीठाने ३० शाळांतल्या १,२२७ विद्यार्थ्यांची पाहणी करून २०२५मध्ये निष्कर्ष मांडले. बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक नव्हता. कारणही त्याच पाहणीत आहे : शाळेतला वापर घटला, पण दिवसभराचा एकूण वापर जवळपास तेवढाच राहिला. म्हणजे संध्याकाळचा मोबाइल हा घराचाच प्रश्न आहे.

गैरसमज : ही तर तंत्रज्ञानालाच बंदी!
वस्तुस्थिती : ब्राझीलच्या कायद्यात शिकवण्यासाठीचा वापर, आरोग्याची गरज आणि दिव्यांग विद्यार्थ्यांची सोय यांना सूट आहे. नेदरलँड्समध्येही तसेच. शिक्षकांनी शिकवण्याच्या हेतूने वापरलेले उपकरण आणि दप्तरात गुरगुरणारा मोबाइल या वेगळ्या गोष्टी आहेत.

गैरसमज : न्यायालयाने मुलांना शाळेत मोबाइल वापरायची मोकळीक दिली आहे.
वस्तुस्थिती : दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५मध्ये सरसकट बंदी इष्ट नाही आणि व्यवहार्यही नाही, असे म्हटले, पण त्याच निकालात वर्गातल्या वापराला मनाई असावी, शक्य तिथे मोबाइल जमा करून घ्यावेत आणि धोरण ठरवताना पालक, शिक्षक व तज्ज्ञांचे मत घ्यावे, असेही सांगितले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी संपर्काची गरज न्यायालयाने मान्य केली आहे.

गैरसमज : सूचना फलकावर लावली की काम झाले.
वस्तुस्थिती : ‘पिसा’तच बंदी असलेल्या शाळांतल्या २९ टक्के मुलांनी दिवसातून अनेकदा मोबाइल वापरत असल्याचे सांगितले. मोबाइल कुठे ठेवायचा, हरवला तर जबाबदारी कोणाची, आणि घरून तातडीचा निरोप आला तर तो मुलापर्यंत कोण पोहोचवणार, हे ठरलेले नसेल तर नियम कागदावरच राहतो. बंदीतून मिळणारा फायदा मर्यादित आहे. पण तो मागच्या बाकांवरच्या मुलांना मिळतो, आणि त्यासाठी एवढी तजवीज करायला हरकत नसावी.