सीमेपार आणि सीमेआत

चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर, श्रीपेरुंबुदूर हे गाव आहे. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून ते शतकानुशतके वंदनीय ठरले आणि गेल्या दोन-तीन दशकांत मोटारींच्या व विजेच्या उपकरणांच्या कारखान्यांनी त्याला चहूबाजूंनी वेढले. पुण्याकडून बदलीवर येथे आलेली आम्ही काही मराठी मंडळी दर रविवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, एका तलावाच्या काठी पसरलेल्या मोकळ्या जागेवर तमिळ सोबत्यांबरोबर टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळतो. त्या जागेच्या एका अंगाला वेड्या बाभळीचे दाट रान असल्यामुळे तेथे शिरलेला चेंडू शोधण्यात वेळ जाई, म्हणून त्या बाजूला चौकार नाही, दोनच धावा ‘डिक्लेअर’, असा शिरस्ता आमच्या येण्यापूर्वीच पडून गेलेला होता. समोरच्या बाजूला चुन्याची रेघ ओलांडताच ‘नालु!’ अशी आरोळी उठते, आणि चेंडू अधांतरी पार गेला की ‘आरु!’ हा गजर रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचतो.

धावांची वही ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. दोन हंगामांनंतर त्या वहीची खतावणी मांडताना माझ्या ध्यानात आले की, आमच्यातील एक डावखुरा फलंदाज, ज्याचे बहुतेक फटके नेमके बाभळीच्या बाजूला जातात, तो चौकारांच्या रकान्यात जवळजवळ दिसतच नाही आणि तरीही एकूण धावांत पहिल्या तिघांत आहे. फटका तोच, जोर तोच, परंतु जमिनीच्या एका तुकड्याने त्याच्या नावापुढचा तपशील बदलून टाकला. तेव्हापासून मोठ्या क्रिकेटच्या दफ्तरातही, चौकार-षटकारांतून किती धावा आल्या आणि खेळपट्टीवर पायांनी किती काढल्या गेल्या, ही वजाबाकी करून पाहण्याचा मला छंद जडला. मूळ आकडे कोणत्याही नोंदपुस्तकात सापडतात. वजाबाकी मात्र तेथे सहसा केलेली नसते.

महाराष्ट्राच्या मानबिंदूपासून आरंभ करावा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याच्या पूना क्लबच्या मैदानावर काठेवाडाविरुद्धच्या रणजी सामन्यात कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी ४९४ मिनिटांत नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांनी १९३० च्या जानेवारीत सिडनीला क्वीन्सलंडविरुद्ध काढलेल्या नाबाद ४५२ धावांचा जागतिक उच्चांक अवघ्या नऊ धावांवर असताना, काठेवाडाचे कर्णधार असलेल्या राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी विश्रांतीच्या वेळी पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. महाराष्ट्राचा धावफलक त्या वेळी ४ बाद ८२६ असा होता. हा प्रसंग मराठी वाचकाला ठाऊक आहे आणि त्याची हळहळही पिढ्यान्‌पिढ्या वारशाने चालत आली आहे. परंतु दोन्ही डावांचा तपशील शेजारी शेजारी ठेवला म्हणजे जे दिसते, ते फारसे कोणी बोलून दाखविलेले नाही. ब्रॅडमन यांच्या डावात ४९ चौकार होते आणि षटकार एकही नव्हता. निंबाळकरांच्या डावातही चौकार बरोबर ४९, आणि वर एक षटकार. म्हणजे सीमेपलीकडच्या धावांत निंबाळकर २०२ आणि ब्रॅडमन १९६! त्या हिशेबात कोल्हापूरचा हा वीर सहा धावांनी पुढे आहे. ब्रॅडमन पुढे गेले ते केवळ धावून काढलेल्या धावांच्या बळावर, २४१ विरुद्ध २५६. जुन्या गुणपत्रकांत धावून पुऱ्या केलेल्या चार धावाही कधीकधी चौकारांतच धरल्या जात, तेव्हा हा हिशेब पैशापैने बिनचूक आहे असे मी म्हणणार नाही. पण उच्चांक मोडण्यासाठी हव्या असलेल्या आणि निंबाळकरांच्या हातून हिरावल्या गेलेल्या दहा धावा बहुधा एकेरी-दुहेरीच आल्या असत्या, या विचाराने मला दर वेळी नव्याने चुटपुट लागते. चारशेच्या पुढे गेलेला प्रथम श्रेणीतील दुसरा भारतीय अद्याप झालेला नाही, आणि ज्याने हे केले त्याला एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही.

याच जातीचा दुसरा योग चेन्नईच्या चेपॉक मैदानाने घडविला आहे. २१ मे १९९७ रोजी, तेथील ऐन वैशाखी उकाड्यात, पाकिस्तानच्या सईद अन्वरने भारताविरुद्ध १४६ चेंडूंत १९४ धावा केल्या: २२ चौकार, ५ षटकार. पायांत गोळे आल्यामुळे पुढे त्याच्यासाठी शाहिद आफ्रिदी धावत होता. पुढे २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरला सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा करून पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक नोंदविले, त्यात २५ चौकार आणि ३ षटकार होते. आता बेरीज करावी. अन्वरचे ८८ आणि ३० मिळून ११८. तेंडुलकरचे १०० आणि १८ मिळून ११८. चेंडूंत एकाचा फरक, सीमेपलीकडच्या धावांत शून्य. ज्या सहा धावांनी एका डावाला १९४ वर थांबविले आणि दुसऱ्याला इतिहासाच्या पहिल्या पानावर नेले, त्या साऱ्या खेळपट्टीच्या बावीस यार्डांत धावून मिळविलेल्या आहेत, ७६ विरुद्ध ८२. तेंडुलकरचे वय त्या दिवशी छत्तीस होते, आणि वीस वर्षांचे आंतरराष्ट्रीय क्रिकेट त्याच्या गुडघ्यांत जमा होते.

अशा जुळण्यांना दैवी संकेत मानण्याचे कारण नाही. हजारो डावांच्या राशीत कोणतेही दोन आकडे कोठे ना कोठे सारखे निघणारच, आणि जो शोधावयास बसतो त्याला ते सापडणारच. चेपॉकवरच डिसेंबर २०१६ मध्ये करुण नायरने इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा केल्या, त्यात ३२ चौकार आणि ४ षटकार, म्हणजे १५२. आणि १९५८ साली किंग्स्टनला गारफील्ड सोबर्सने पाकिस्तानविरुद्ध नाबाद ३६५ काढल्या तेव्हा ३८ चौकार होते, म्हणजे पुन्हा १५२. हा निव्वळ योगायोग आहे. विचार करावयास लावते ते याच डावांतील दुसरे अंग. नायरच्या डावात सीमेपारच्या १५२ आणि सीमेआतल्या १५१ अशी जवळजवळ काटेकोर वाटणी झाली, तर त्याच मैदानावर मार्च २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ३०४ चेंडूंत ३१९ धावा करणाऱ्या वीरेंद्र सेहवागने ४२ चौकार व ५ षटकारांतून १९८ वसूल केल्या आणि केवळ १२१ साठी पाय उचलले. दोघेही त्रिशतकी, आणि स्वभाव मात्र दोन टोकांचे! सोबर्सच्या ३६५ मध्ये तर षटकार एकही नाही, आणि हाच सोबर्स १९६८ साली स्वान्सीला माल्कम नॅशच्या एका षटकात सहा षटकार मारून प्रथम श्रेणी क्रिकेटमधला त्या पराक्रमाचा पहिला मानकरी झाला. ज्याच्या हाती ते सामर्थ्य निर्विवाद होते, त्याने कसोटीचा विक्रम रचताना ते म्यानाबाहेर काढले नाही. लेन हटनच्या ३६४ मध्ये आणि ब्रायन लाराच्या ३७५ मध्येही षटकार नाही. म्हणजे १९३८ पासून २००३ पर्यंत कसोटीचा वैयक्तिक उच्चांक अशाच डावांच्या मालकीचा राहिला, की ज्यांत चेंडू एकदाही अधांतरी सीमेपार गेला नव्हता.

याचे एक कारण कायद्यात आहे. १९१० पूर्वी इंग्लंडमध्ये चेंडू मैदानाच्या आवाराबाहेर पडल्याशिवाय सहा धावा मिळत नसत. सीमारेषेवरून नुसता उडून जाणे पुरेसे नव्हते. तशाच कडक अटीखाली कसोटी क्रिकेटमधला पहिला षटकार ऑस्ट्रेलियाच्या जो डार्लिंगने ॲडलेडला १८९८ साली मारला. कायदा सैल झाला तरी उंच मारण्याविषयीचा संकोच दोन पिढ्या टिकला. ब्रॅडमन यांनी कसोटीत ६,९९६ धावा केल्या आणि षटकार मारले फक्त सहा. १९३२ च्या उन्हाळ्यात ते न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बेसबॉलसम्राट बेब रूथच्या शेजारी बसून सामना पाहत होते. एकाच्या नावावर कारकिर्दीअखेर ७१४ ‘होम रन’ जमा व्हावयाचे होते, आणि दुसऱ्याचे षटकार एका हाताच्या बोटांपेक्षा एकानेच अधिक. १९२७ मध्ये रूथचे एकट्याचे ६० होम रन अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही संपूर्ण संघाच्या बेरजेहून अधिक होते.

बेसबॉलचा दाखला मुद्दाम घेतला, कारण त्या खेळाच्या दप्तरखान्यात एक गोष्ट आपल्याहून नीट सांभाळली गेली आहे. तेथे फटक्यानंतर फलंदाज धावून दुसऱ्या तळावर पोहोचला तर ‘डबल’, तिसऱ्यावर पोहोचला तर ‘ट्रिपल’, अशी प्रत्येकाची वेगळी नोंद होते, आणि ट्रिपल हा मुख्यत्वे पायांचा आणि मैदानाच्या विस्ताराचा मामला असतो. पिट्सबर्गच्या ओवेन विल्सनने १९१२ च्या हंगामात ३६ ट्रिपल काढले. त्याचे घरचे फोर्ब्स फील्ड विस्तीर्ण होते, आणि तो स्वतः पुढे कधी त्या आकड्याच्या जवळपासही गेला नाही. शतकाहून अधिक काळात दुसरा कोणी तीसपर्यंतसुद्धा पोहोचलेला नाही. बॉस्टनच्या अर्ल वेबने १९३१ मध्ये ६७ डबल काढले, आणि त्याच्या साऱ्या कारकिर्दीचे डबल १५५! असे एकाच वर्षाचे उधाण ओळखता येते, याचे श्रेय त्या नोंदीच्या पद्धतीला आहे. आपल्या धावफलकावर चौकार आणि षटकार यांनाच रकाने आहेत. तीन धावांसाठी जीव तोडून धावलेल्या जोडीला रकाना नाही.

म्हणून १९९४ साली बडोद्यात न्यूझीलंडच्या ॲडम परोरेने भारताविरुद्ध एकही चौकार-षटकार न मारता ९६ धावा केल्या, हे अनेकांना ठाऊक नसते, आणि कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी २०१६ मध्ये शालेय सामन्यात केलेल्या नाबाद १००९ धावा मात्र जगाला ठाऊक असतात. त्या डावात १२९ चौकार आणि ५९ षटकार होते. म्हणजे ८७० धावा सीमेपार आणि १३९ पायी. प्रतिपक्ष कोवळा होता, हे खरे. पण पंधरा वर्षांच्या मुलाने १८८ वेळा चेंडू हद्दीपार धाडावा, याला केवळ परिस्थिती पुरत नाही, मनगटही लागते.

२०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तर या एकाच रकान्याला न्यायासनावर बसविण्यात आले. इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्या धावा २४१ वर बरोबरीत, जादा षटकात पुन्हा १५-१५, आणि मग सीमापार फटके २६ विरुद्ध १७ म्हणून इंग्लंड विजेता! धावून काढलेली धाव ही हलक्या प्रतीची धाव, असाच त्या नियमाचा अर्थ होत होता. मला तो फैसला तेव्हाही अन्याय्य वाटला आणि आजही वाटतो. त्याच वर्षी नियम रद्द झाला, तोपर्यंत चषक देऊन झाला होता.

चेपॉकने बरोबरी वेगळ्या रीतीने पाहिली आहे. १० जानेवारी १९८५ रोजी वानखेडेवर बडोद्याच्या तिलक राजच्या एका षटकात सहा षटकार ठोकणारा रवी शास्त्री २२ सप्टेंबर १९८६ च्या सायंकाळी ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत ४५ धावांवर उभा होता. अखेरच्या षटकात चार धावा हव्या होत्या, आणि दुसऱ्या टोकाला अखेरचा फलंदाज मनिंदर सिंग होता. ग्रेग मॅथ्यूजला उंच मारण्याची संधी शास्त्रीपाशी होती. त्याने आधी दोन धावा धावून काढल्या आणि तिसऱ्या चेंडूवर एक. पाचव्या चेंडूवर मनिंदर पायचीत झाला. दोन्ही संघांच्या दोन्ही डावांची बेरीज प्रत्येकी ७४४ झाली. ती एकेरी धाव घेतली नसती तर भारत हरलाही असता. श्रीपेरुंबुदूरच्या माझ्या वहीत गेल्या रविवारपासून मी चौकार आणि षटकार यांच्या शेजारी एक तिसरा रकाना आखला आहे, ‘धावून’, आणि बाभळीच्या बाजूला मारणाऱ्या त्या डावखुऱ्याच्या नावापुढे त्यात पहिली नोंद पडली आहे: एकतीस.